तारण कशापासून आणि कोणाचे?

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन मोठे रस्ते जुन्नर तालुक्यात जिथे एकमेकांना छेदतात, तिथे आळेफाटा आहे. फाट्याजवळच्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा पुढे या भावंडांच्या सोबत निघाला आणि नेवाशाहून आळंदीकडे जाताना आळे येथे त्याने देह ठेवला, असे वारकरी परंपरा सांगते. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर कशी उतरते, हा वेगळा प्रश्न. तिच्या पोटातली वेदना मात्र खरी आहे. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेल्या चार मुलांना शुद्धिपत्र हवे होते आणि ते देण्याचा अधिकार दुसऱ्यांच्या हाती होता. ज्याला अधिकारच नाही त्याने तरून कसे जायचे, हा त्या कथेचा प्रश्न आहे.

आळेफाट्यावरून निघणारे रस्ते मुंबई, नगर, पुणे आणि नाशिक या चार शहरांकडे जातात. एकोणिसाव्या शतकात या चारही शहरांत तोच प्रश्न एका वेगळ्या शब्दाच्या आधाराने पुन्हा उभा राहिला. तो शब्द म्हणजे ‘तारण’. ख्रिस्ती शुभवर्तमानाचा सगळा भार या एका शब्दावर आहे. मराठीत मात्र त्याचा अर्थ सरळ उलगडला नाही. कोणी त्याला मोक्ष समजले, कोणी धर्मांतर समजले, कोणी दुष्काळातली भाकरी समजले. ज्या मराठी माणसांनी हा शब्द स्वतःच्या आयुष्यात तपासून पाहिला, त्यांच्यातील थोरांना एक गोष्ट बाप्तिस्मा घेतल्यानंतर बऱ्याच वर्षांनी उमगली. तारण आणि धर्मांतर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही ती गोष्ट. त्यांच्या त्या शोधाचा हा मागोवा आहे.

मूळ शब्दाचा अर्थ

येशू हे नावच मुळात तारणाशी बांधलेले आहे. हिब्रू भाषेतील ‘येशुआ’ या नावाचा अर्थ ‘परमेश्वर तारतो’ असा होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाळाचे नाव ठेवतानाच त्याचे कारण सांगितले आहे : हा आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. जुन्या करारात मात्र तारण हा शब्द बहुतेक वेळा अगदी ऐहिक संकटातून सुटण्यासाठी येतो. मिसरातील वेठबिगारीतून सुटणे, शत्रूच्या वेढ्यातून सुटणे, आजारातून उठणे ही सगळी तारणेच होती. इस्राएली लोकांचा देव आधी गुलामांना सोडवतो आणि मग त्यांना नियमशास्त्र देतो. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली, असे तिथे घडत नाही.

नवा करार ग्रीकमध्ये आहे. तारणासाठी तिथे जे क्रियापद येते त्याचा अर्थ वाचवणे असाही होतो आणि बरे करणे असाही. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी एकच वाक्य चार वेळा येते. परुश्याच्या घरी येशूच्या पायांवर अश्रू ढाळणाऱ्या बदनाम बाईला तो ते म्हणतो. बारा वर्षे रक्तस्रावाने ग्रासलेल्या, आणि म्हणून विटाळाची मानलेल्या बाईला तेच म्हणतो. दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला परत आलेल्या एकट्या शोमरोनी माणसालाही तेच, आणि यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या भिकाऱ्यालाही तेच. तुझ्या विश्वासाने तुला वाचवले, असा त्याचा आशय आहे. अनुवाद करणारे बहुधा एके ठिकाणी ‘तारले’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बरे केले’ असे लिहितात. मग वाचकाला वाटते की एकीच्या आत्म्याचे काम झाले आणि दुसरीच्या शरीराचे. मूळ लेखकाने ही फारकत केलेली नाही.

त्याच शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे. हा यरीहोतील जकातदारांचा मुख्य. रोमी सत्तेसाठी कर गोळा करून गबर झालेला आणि लोकांच्या तिरस्काराचा धनी. येशू आपण होऊन त्याच्या घरी पाहुणा जातो. तेव्हा जक्कय उभा राहून जाहीर करतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत करीन. त्यावर येशू म्हणतो की आज या घराला तारण लाभले आहे. यात दोन बाबी नोंदण्याजोग्या आहेत. तारणाचा काळ ‘आज’ आहे, मृत्यूनंतरचा नाही. आणि जक्कय पुण्य गोळा करून तारणापर्यंत पोहोचला नाही, तारण घरी आले म्हणून त्याची मूठ सैल झाली.

पुढे पौलाने आपल्या पत्रांतून या अनुभवाचे शास्त्र बांधले. मनुष्य स्वतःच्या कर्माने नीतिमान ठरत नाही, ख्रिस्ताच्या मरणातून आणि पुनरुत्थानातून देवाच्या कृपेने ठरतो, हा त्याचा गाभा. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने या मरणाचा अर्थ देवाच्या अवमानाची भरपाई असा लावला. सोळाव्या शतकात ल्यूथरने पौलाकडे परत जाऊन ‘केवळ विश्वासाने’ हे सूत्र पुढे ठेवले. आपल्याकडे प्रॉटेस्टंट मिशनरी आले ते या सूत्राची शिदोरी घेऊन.

मराठीत शब्द शोधताना

मिशनऱ्यांच्या दोनशे वर्षे आधी हा प्रश्न गोव्यात एका इंग्रज जेझुइटापुढे उभा राहिला होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ छापून निघाला. आपण त्याला ‘क्रिस्तपुराण’ म्हणतो. मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे प्रवचन’ असा होता. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती, त्यांच्या कानाला ओवीची सवय होती. स्टीफन्सनी त्यांच्यासाठी आदमापासून ख्रिस्तापर्यंतची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. स्वर्गासाठी त्यांनी बेधडक ‘वैकुंठ’ वापरला. शब्द ओळखीचा असला तर आशय हळूहळू आत शिरेल, असा त्यांचा भरवसा असावा. हा भरवसा धोक्याचाही होता, कारण ओळखीचा शब्द आपला जुना आशय सोडून येत नाही.

प्रॉटेस्टंट अनुवादकांपुढे हीच अडचण नव्याने आली. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांच्या अमेरिकन मिशनने स्वतंत्र भाषांतर हाती घेतले व ते १८२६ मध्ये पूर्ण केले. त्याच वर्षी नाशिक भागाच्या प्रवासात हॉल पटकीने वारले. पुढच्या सुधारणांतून मराठी बायबलची जी भाषा स्थिरावली, तिच्यात ‘मोक्ष’ या शब्दाला मध्यवर्ती जागा मिळाली नाही. ती ‘तारण’ला मिळाली, आणि येशू ‘तारणारा’ झाला.

ही निवड अर्थपूर्ण आहे. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे. शुभवर्तमानाला फेराच मान्य नाही. त्याच्या लेखी जन्म एकच आहे आणि शरीर टाकून द्यायचे वस्त्र नाही, तेही उठवले जाणार आहे. सुटायचे आहे ते पापापासून, मृत्यूच्या धाकापासून आणि देव व शेजारी यांच्याशी तुटलेल्या नात्यापासून. मोक्षात एकटा जीव मुक्त होतो. शुभवर्तमानात देवाचे राज्य येते, आणि राज्य एकट्याचे नसते.

‘तारण’ हा शब्द आला तो मात्र संतांच्याच अंगणातून. तरणे, तारू, तारक या सगळ्यांच्या मागे पाणी आहे. भवनदी आहे, पैलतीर आहे आणि नाव हाकणारा कोणी दुसरा आहे. त्यामुळे ‘तारणारा’ ऐकताना मराठी माणसाला कोणत्याही टीकेशिवाय एवढे कळत होते की मी पोहत नाही, मला कोणी पलीकडे नेत आहे.

या शब्दाला आणखी एक अंग आहे, आणि ते बाजारातले आहे. पतसंस्थांच्या फलकांवर आजही ‘सोने तारण कर्ज’ असे लिहिलेले असते. सावकाराकडे जिन्नस अडकवून ठेवणे म्हणजे तारण. नव्या करारात ख्रिस्ताच्या मरणासाठी गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजलेल्या किमतीची उपमा येते. मराठी बायबलने तिथे ‘खंडणी’ हा शब्द घेतला, जो आजच्या वर्तमानपत्री अर्थामुळे कानाला खटकतो. प्रभूच्या प्रार्थनेतही मत्तयाने ऋणाचा शब्द वापरला आहे आणि मराठीने तो तसाच ठेवला. आमची ऋणे सोड, जशी आम्ही आमच्या ऋणकोंची सोडली आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली आणि ती आग शेजारच्या पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत गेली. त्या मुलखात ‘ऋण सोडणे’ ही निव्वळ धर्मपर उपमा राहत नाही. ज्याचे खत फाटले त्याला सुटका म्हणजे काय ते कळते. प्रार्थनेतला दुसरा भागही त्याच मुलखात जड जातो. ज्याला आपले ऋण सुटावे असे वाटते, त्याने दुसऱ्याचे सोडलेले असले पाहिजे.

आक्षेप

शास्त्री-पंडितांनी हा संदेश मुकाट्याने ऐकून घेतला नाही. त्यांचा विरोध निव्वळ कर्मठपणाचा होता असे समजणे अन्यायाचे होईल. काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी १८४० च्या दशकात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी लिहिला. त्यांचा प्रश्न मूलभूत होता. पूर्वजन्म नसेल तर एक मूल आंधळे आणि दुसरे धडधाकट का जन्मते? आणि एका छोट्या आयुष्यातील पापासाठी अनंत नरक देणारा देव न्यायी कसा? कर्मसिद्धांतापाशी निदान हिशेब होता. ज्याचे त्याला फेडावे लागत होते. कृपेच्या सिद्धांतात एकाचे दुसरा फेडतो, आणि ज्याने ती वार्ता ऐकलीच नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतो.

याच गोऱ्ह्यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. धर्मांतरानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. म्हणजे आक्षेप जिंकला नाही तसा हरलाही नाही. तो त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेला.

१८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झडले. दोन्ही बाजूंचे श्रोते वाळूत गर्दी करत. कोणाचे शास्त्र ईश्वरप्रणीत, कोणाचा देव निर्दोष, यावर पुरुषांनी पुरुषांशी केलेला तो वाद होता. त्याच वर्षी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बेळगावच्या कासार कुटुंबातले पदमनजी तीन वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झाले होते. कादंबरीचा हेतू उघड धर्मप्रसाराचा आहे. पण तिच्यातील प्रश्न किनाऱ्यावरच्या वादातला नाही, तो गावोगावच्या केशवपन केलेल्या विधवांचा आहे. तारण कोणत्या ग्रंथात आहे यापेक्षा या बाईला ते कोण देणार, असा तो प्रश्न होता. मराठीत तारणाच्या चर्चेने घेतलेले हे पहिले मोठे वळण.

ज्यांना ग्रंथच नव्हता

दुसरे वळण पुण्यात आणि नगरमध्ये घडले. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या पत्रात मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये नगरला सुरू केलेले. मुलगी पुण्यातील जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली. तिचा युक्तिवाद धारदार आहे. वेद आमचेच, इतरांनी ते पाहू नयेत, असे ब्राह्मण म्हणतात. मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही, आम्ही धर्मावाचून आहोत, आणि जो धर्म एकालाच भोगायला मिळतो तो पृथ्वीवरून नाहीसा व्हावा, असे ती देवाला सांगते. आळ्याच्या समाधीची कथा आणि हा निबंध शेजारी ठेवून पाहावा. कथेत रेड्याने वेद म्हटले आणि तो वंद्य झाला. प्रत्यक्षात पाचशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही माणसाच्या मुलीला वेदांना स्पर्श नव्हता.

मुक्ताच्या निबंधात बाप्तिस्म्याची मागणी नाही. तिला हवे आहे ते माणूस म्हणून जगणे. पण नगर जिल्ह्यातील महार-मांग वस्त्यांत पुढच्या दशकांत जे ख्रिस्ती समाज उभे राहिले, त्यांच्या मागे हीच भूक होती. तिथे तारण म्हणजे शाळेत बसायला जागा, अक्षर ओळखणे आणि प्रभूच्या मेजावर इतरांबरोबर एकाच पेल्यातून पिणे.

नाशिकला हा अर्थ आणखी शब्दशः घडला. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे शरणपूर ही वस्ती वसवली. आज नाशिककरांना ते एका रस्त्याचे नाव म्हणून माहीत आहे. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे आणि त्यातून सुटलेली आफ्रिकी मुले इथे आणून त्यांना शिक्षण व कारागिरी शिकवली जाई. त्यांतीलच जेकब वेनराइट हा तरुण डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या अंत्यविधीलाही हजर होता. पुढे यांतील अनेकजण मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेले. गोदाकाठी स्नान करून पाप धुणाऱ्यांच्या शहरात साखळीतून सुटलेली मुले ‘तारण’ हा शब्द शिकत होती. त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

रमाबाई

या सगळ्या धाग्यांची गाठ पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात बसते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी लहानपणापासून तीर्थयात्रा, उपास, पुराणपठण हेच केले. दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले, नंतर भाऊही गेला. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना त्यांना एक गोष्ट बोचली. इतर शेकडो बाबतींत भांडणारे ग्रंथ एका मुद्द्यावर एकमुखी होते : स्त्री आणि शूद्र यांना आहे त्या जन्मात मोक्ष नाही. स्त्रीची गती पतीच्या सेवेत. अधिकाराचा हा प्रश्न एका विदुषीने स्वतःच्या संस्कृत ज्ञानाने तपासला आणि दार बंद पाहिले.

विवाहानंतर सिल्चरला पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान मिळाले. पुढे नेहेम्या गोऱ्ह्यांच्या लेखनाचा त्यांच्यावर परिणाम झाला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर लंडनमधील फुलहॅम येथे त्यांनी ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना सांभाळणाऱ्या जोगिणींचे काम पाहिले. आपल्याकडे धर्मशास्त्र अशा स्त्रीला शिक्षा सांगते, इथे तिला पुन्हा माणसांत आणतात, हे कुठून आले असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा ऐकवली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तरीही त्या कोणाच्या मुठीत गेल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका घेतल्या आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर लगेच दुसरे मानेवर घेणार नाही, हे स्पष्ट बजावले. आणि मग, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांना आतून एक धक्का बसला. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्या वाचत होत्या. हा गृहस्थ अनेक वर्षे पाळकाचे काम करत होता आणि १८५१ मध्ये एकदा प्रवचन देता देता त्याला स्वतःलाच जाणवले की आपण अजून तारणापाशी पोहोचलेलो नाही. रमाबाईंनी १९०७ मध्ये आपल्या साक्षीत लिहून ठेवले की त्यांनाही तेव्हाच कळले : आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

ही कबुली मराठी ख्रिस्ती इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या वाक्यांपैकी एक आहे असे मला वाटते. ज्या धर्मांतराने पुणे हादरले, ज्यासाठी त्यांना शिव्याशाप मिळाले, ते धर्मांतर म्हणजे तारण नव्हते, असे त्याच बाई सांगत आहेत. चांगला धर्म स्वीकारणे ही बुद्धीची निवड असू शकते. तारण हे स्वतःच्या हिशेबाचा आधार सुटल्यावर, कोणीतरी धरले आहे असे कळणे असते.

या अनुभवाने त्या जगापासून दूर गेल्या नाहीत. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे, भांडारकरांसह सल्लागार मंडळ बाहेर पडले आणि ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. प्लेगमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, तेव्हा दौंडजवळच्या केडगावच्या माळावर तंबू पडले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या वस्तीला त्यांनी नाव दिले ‘मुक्ती’. शेती, विणकाम, गुरे, तेलघाणी, छापखाना हे सगळे स्त्रिया चालवत. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई.

इथे एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. उपाशी मुलीचा विश्वास स्वतंत्र असतो का? जी भाकर देते तिचा देव मुलगी नाकारू शकते का? टीकाकारांचा हा प्रश्न द्वेषाचा नव्हता असे म्हणता येणार नाही, पण तो निराधारही नव्हता. रमाबाईंच्या बाजूने एवढे म्हणता येते की त्या मुलींना आणायला त्यांच्याखेरीज फार थोडे लोक गेले होते. आणि ज्या मुलीला कोणत्याच शास्त्रात जागा नाही, तिला भाकरी आणि मुक्ती यांत फरक करण्याची चैन परवडत नव्हती. येशूनेही त्या रक्तस्रावाच्या बाईला आधी धर्ममत विचारले नव्हते.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, त्यातल्या शब्दांना वेदांताचा वास आहे आणि खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात ते बायबल १९२४ मध्ये पुरे छापून झाले. ज्या शास्त्रिणीला ग्रंथाने दार बंद केले होते, तिने ग्रंथच अडाणी बाईच्या हाती देता येईल असा करून ठेवला.

टिळक दांपत्य

नगरच्या रस्त्यावर या शोधाची दुसरी बाजू दिसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. तुकारामांना मार्ग दाखवणारे बाबाजी चैतन्य यांची समाधी परंपरेनुसार आळेफाट्याच्या पश्चिमेला ओतूर येथे आहे. तुकारामांनीही कोरडा मोक्ष नाकारला होता. पुन्हा जन्म आला तरी चालेल, पण भक्ती आणि संतसंग हवा, ही त्यांची मागणी. म्हणजे मोक्षाहून नाते मोठे, हे मराठी मनाला मिशनरी येण्यापूर्वी ठाऊक होते. टिळकांना शुभवर्तमानात तेच नाते एका व्यक्तीच्या रूपात भेटले.

लक्ष्मीबाई मात्र पतीमागे लगेच गेल्या नाहीत. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतःच्या बदलाची गोष्ट सांगितली आहे, ती धर्मसिद्धांताची नाही, विटाळाची आहे. नगर जिल्ह्यात राहुरीला असताना एके दिवशी त्या विचारात पडल्या की जात देवाने केली की माणसाने. देवाने केली असती तर शरीरात कुठेतरी खूण ठेवली असती. तेव्हापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. जक्कयाची मूठ जशी सैल झाली तशी इथे एका ब्राह्मण स्त्रीची सोवळ्यातली मूठ सैल झाली. तिच्या घराला तारण कोणत्या दिवशी लाभले हे विचारले, तर चर्चच्या नोंदवहीतील तारीख आधी सुचणार नाही.

रेव्हरंड टिळक आयुष्याच्या शेवटी रमाबाईंनी काढलेल्या निष्कर्षाच्या आणखी पुढे गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र असावेत असा त्यांचा विचार होता. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार विरला. पण ज्या माणसाने बाप्तिस्म्यासाठी सगळे नातेवाईक गमावले, त्यानेच बाप्तिस्मा ही तारणाची सीमारेषा मानायला नकार द्यावा, याला मोल आहे.

उरलेला प्रश्न

या परंपरेला सर्वांत गंभीर प्रतिप्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेतील त्यांचे भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध आहे. मुक्ती हा शब्द त्यांनी परलोकातून खाली आणून समाजाच्या मध्यभागी ठेवला. पुढे बुद्धाविषयी लिहिताना त्यांनी मोक्षदाता आणि मार्गदाता असा भेद केला. बुद्ध स्वतःला तारणारा म्हणवत नाही, तो वाट दाखवतो, चालायचे ज्याचे त्याने. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दयेवर जगायला लावलेल्या समाजाला ‘तुला दुसरा तारील’ हे वाक्य अपमानास्पद वाटू शकते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. शिवाय जे ख्रिस्ती झाले, त्यांच्या चर्चमध्ये जात पुरती मेली नव्हती. प्रभूच्या मेजाभोवती बसलेल्यांतही सोयरीक करताना जात विचारली जात होती.

हा आक्षेप खोडून काढता येत नाही. त्याला वर सांगितलेल्या माणसांच्या आयुष्यांतून मात्र एक उत्तर मिळते. मुक्ता साळवेला दया नको होती, हक्क हवा होता. रमाबाईंनी एका पुरोहिताच्या जागी दुसरा बसू दिला नाही. लक्ष्मीबाईंनी जात टाकली ती कोणाच्या हुकमाने नव्हे. ‘कोणीतरी मला धरले आहे’ या जाणिवेने ही माणसे लाचार झाली नाहीत, उलट ताठ झाली. कृपेचा अर्थ परावलंबन असता तर असे झाले नसते. ज्याला आपली किंमत सिद्ध करण्याची गरज उरत नाही, तो कोणापुढे वाकत नाही आणि कोणाला वाकवण्याचीही त्याला गरज राहत नाही. शुभवर्तमानात जिथे जिथे तारण येते तिथे हे दोन्ही एकदम घडते. जे हे पहिले मिळाल्याचे सांगतात पण दुसरे ज्यांच्यात दिसत नाही, त्यांना मिळाला तो धर्म. रमाबाईंनी केलेला भेद आज प्रत्येक धर्माच्या माणसाने स्वतःला लावून पाहावा असा आहे.